ऑयलरचं सूत्र, पुंजाजीचा करदोडा

नोकरीत मी ज्याच्या हाताखाली सगळ्यात जास्त काम केलं, तो साहेब माझ्या जन्माच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच वारला होता. त्याची कधी बदली झाली नाही, त्याने मला कधी मेमो दिला नाही, आणि त्याचा शब्द खोटा पडल्याचं मी सगळ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही. त्याचं नाव ऑयलर. गडी मूळचा स्वित्झर्लंडचा, पण आयुष्य काढलं रशियात आणि जर्मनीत. एक डोळा ऐन उमेदीत अधू झाला, दुसरा म्हातारपणी गेला. दोन्ही गेल्यावर माणूस खाटेवर बसून राहील की नाही? याने काम वाढवलं. हा तोंडाने सांगायचा आणि बाकीचे लिहून घ्यायचे.

पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आमची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ऑयलरचं सूत्र सांगा." माझ्या आधीच्या मुलाने पाणी वाहण्याचं सूत्र सांगितलं. मी खांब वाकण्याचं सांगितलं. माझ्या मागे उभ्या असलेल्याला यातलं काहीच येत नव्हतं. त्याला शाळेतलं आठवलं, की कुठल्याही ठोकळ्याचे कोपरे आणि बाजू मोजा, त्यातून कडा वजा करा, उत्तर दोनच येतं. परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तिघांचंही बरोबर आहे. या माणसाने आम्हा परीक्षकांची मोठी पंचाईत करून ठेवली आहे."

ती पंचाईत खरीच आहे. त्रिकोणात त्याच्या नावाची रेषा आहे, संख्यांत त्याच्या नावाचा स्थिरांक आहे, भोवरा का डुलतो त्याची समीकरणं त्याच्याच नावाची आहेत. असं म्हणतात की सगळ्यांना त्याचंच नाव दिलं असतं तर कुठलं कुठलं ते कळलं नसतं, म्हणून पुष्कळ गोष्टींना त्याच्यानंतर ज्याला त्या सापडल्या त्याचं नाव दिलं. मला यात नेहमी गंमत वाटत आली. दुसऱ्या नंबरावर आलेल्याचं नाव लागावं, इतकं ज्याने करून ठेवलं, त्याला काय म्हणावं?

सत्तरच्या दशकात मी वाशीमजवळच्या मालेगावला ओव्हरसियर होतो. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातच होता. रस्ते, त्यांखालच्या मोऱ्या, शाळाखोल्या, दवाखान्याच्या भिंती, सगळं आमच्याकडे. एकदा वरून हुकूम आला की सगळ्या रस्त्यांची पाहणी करा, पण डिझेल वाचवा, एका रस्त्यावर जीप दोनदा नेऊ नका. मी नकाशा पसरला. असाच एक प्रश्न ऑयलरने सात पुलांच्या एका शहराबद्दल सोडवून ठेवला होता. ज्या ठिकाणी विषम रस्ते मिळतात अशी ठिकाणं मोजायची. ती दोनपेक्षा जास्त निघाली तर रस्ता दोनदा तुडवावाच लागतो, कितीही डोकं लढवा. आमच्या नकाशात चार निघाली. मी जीपचे ड्रायव्हर युसूफभाई यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मतलब साहेब, डिझल तर लागनच." मी वर तेवढंच कळवलं, फक्त जरा लांबलचक भाषेत.

पण मला लिहायचं आहे ते खांबाबद्दल, आणि पुंजाजी पडघान मिस्त्रींबद्दल.

ज्यांनी स्लॅब पडताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिमेंटचं छत टाकतात तेव्हा ते चिखलासारखं ओलं असतं. ते स्वतःचा भार घ्यायला लागेपर्यंत कुणीतरी त्याला खालून धरून ठेवावं लागतं. त्यासाठी फळ्यांचा तात्पुरता मांडव करतात आणि त्याखाली लाकडी बल्ल्या उभ्या करतात. याला सेंट्रिंग म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी ते खोलायचं. लोक छताचं कौतुक करतात, बल्ल्यांची आठवण कुणाला राहत नाही. पण स्लॅबच्या दिवशी सगळ्यांचे जीव असतात त्या बल्ल्यांवर. बल्ली दबून मोडत नाही, ती पोटातून वाकते आणि मग एका क्षणात जाते. किती भारावर वाकेल, हे सांगणारं सूत्र ऑयलरचं.

पुंजाजी आमच्या सरकारी कामांवर गवंडीकाम आणि सेंट्रिंग दोन्ही करायचे. बारीक अंगाचा माणूस, डोक्याला पंचा, कानावर पेन्सिलीचा तुकडा. सही करण्यापुरतं आणि चिठ्ठी वाचण्यापुरतं त्यांना येत होतं. आसेगावच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीने विहार बांधायला काढला होता. पुंजाजी एक दिवस मला म्हणाले, "साहेब, आमच्या विहारावर रविवारचे येत जा. सरकारी नाई, आमचंच काम हाये. पन तुमची नजर फिरली म्हंजे मले बरं वाटन."

मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी मोटारसायकलवर जायला लागलो. लोक दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून संध्याकाळी विहाराच्या भिंतीला विटा लावायचे. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. ते मिळवण्यासाठी वस्तीतले वडीलधारे किसन इंगोले, सगळे त्यांना आबाजी म्हणत, आठ-दहा वेळा तहसिलीच्या पायऱ्या चढले होते. तेवढ्या पोत्यांत एकच स्लॅब व्हायचा होता. बिघडला असता तर दुसरी पोती मिळायची नव्हती. बल्ल्या मालेगावच्या एका जैन शेठजींनी आपल्या लाकडाच्या वखारीतून वापरायला दिल्या होत्या.

छताची उंची दहा फूट ठरली होती. मी मालेगावला टेबलावर बसून हिशेब केला. छताचं वजन, माणसांचं वजन, फळ्यांचं वजन. लागेल त्याच्या तिप्पट ताकद धरून किती बल्ल्या लागतील ते काढलं आणि आकडा पुंजाजींना दिला. मग दोन रविवार मला दौऱ्यामुळे जाता आलं नाही.

मधल्या काळात वस्तीने ठरवलं की उंची वाढवायची. दहाची चौदा फूट. दारही तसंच उंच. कारण मला नंतर आबाजींनी सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या जुन्या घरायची दारं कशी होती, तुमी पाह्यली नाई. वाकल्याबिगर आत जाता ये नाई. माहा बाप जलमभर वाकून गेला. इथं कोनी वाकनार नाई, असं बांधून राह्यलो आमी."

पुंजाजींनी भिंत वर नेली, आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती मला चिठ्ठी पाठवली. गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: भिंत चार फूट वर गेली आहे. बल्ल्या तेवढ्याच पुरतील का. मधात करदोडा बांधू का.

करदोडा म्हणजे लहान पोराच्या कमरेला बांधतात तो दोरा. बल्ल्यांच्या मधोमध आडवी लाकडं बांधून सगळ्यांना एकमेकींशी जखडायचं आणि त्या लाकडांची टोकं भिंतीत टेकवायची, याला पुंजाजी करदोडा म्हणत. त्यांना तो त्यांच्या उस्तादाने शिकवला होता.

मी घाईत होतो. त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: वजन तेवढंच आहे, बल्ल्या तेवढ्याच पुरतील. करदोड्याची गरज नाही, लाकूड वाया घालवू नये. खाली सही ठोकली आणि ती परत पाठवली. सही करताना मी पेन जरा झोकातच फिरवला असणार, कारण कागदाला मागून उठाव आला होता.

स्लॅबच्या रविवारी सकाळी आठला पोचलो तर अख्खी वस्ती नटून उभी होती. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. बायांनी पांढरी लुगडी नेसून पदर खोचले होते. विहिरीपासून शिडीपर्यंत आणि शिडीपासून वरपर्यंत माणसांची रांग लागली होती, घमेली हातोहात जायला. लोखंडी पत्र्यावर पहिला माल कालवून तयार होता. एकीकडे चुलाण पेटलं होतं, वरणाचा वास सुटला होता. पुंजाजी वर उभे होते, माझ्या हाताच्या इशाऱ्याची वाट पाहत.

मी सवयीने आधी खाली गेलो. आत अंधार होता. मान वर केली तर बल्ल्या उंचच उंच गेलेल्या. वखारीत मिळालेली लांबी पुरली नव्हती म्हणून काहींना खाली तुकडे जोडले होते. मी एका बल्लीच्या पोटावर तळवा ठेवला आणि ढकललं. ती थरथरली, आणि थरथरतच राहिली.

वजन तेवढंच होतं हे खरं. पण ऑयलरच्या सूत्रात लांबी नुसती येत नाही, वर्ग होऊन येते. लांबी दुप्पट केली की ताकद चौथाई उरते. दहाची चौदा केली की ताकद निम्मी. कागदावरची तिप्पट आता दीडपट झाली होती, आणि तीही सरळ, एकजोड बल्लीची. वाकड्या आणि जोडलेल्या बल्लीला दीडपट म्हणजे काहीच नाही. वर तीस माणसं चढणार होती, खाली बाया उभ्या राहणार होत्या. परीक्षेत छातीठोकपणे म्हटलेलं सूत्र मी चिठ्ठी लिहिताना विसरलो होतो.

बाहेर येऊन मी म्हटलं, "थांबा. आज असा स्लॅब पडणार नाही."

रांगेतला एक तरुण पुढे आला. "आमच्याच टायमाले काहून थांबा लागते, साहेब? गावातल्या दुसऱ्या कामावर कोनी थांबवत नाई."

त्याला उत्तर शब्दांनी देता येण्यासारखं नव्हतं. कुंपणाशी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा पडला होता. मी एक लांब तुराटी उपसली, जमिनीवर उभी धरली आणि वरून अंगठ्याने दाबली. ती लगेच पोटातून वाकली. मग तीच मधोमध मोडून अर्धी उभी केली. म्हटलं, "आता तू दाब." त्याने अंगठा लाल होईपर्यंत दाबली. वाकली नाही. मग मी आणखी एक लांब तुराटी घेतली आणि दाबताना त्याला म्हटलं, "मधात दोन बोटांनी नुसती धरून ठेव." त्याने धरली. तीही वाकली नाही. तो दोन बोटांकडे पाहत राहिला.

आबाजींनी एवढंच विचारलं, "उंची कमी करा लागन काय?"

"नाही आबाजी. एक इंचही नाही. मधात बांधायचं."

तेव्हा आबाजी वर पाहून म्हणाले, "पुंजा, तू जलमभर हेच करून राह्यला. तुले हे आदी काहून समजलं नाई?"

पुंजाजींच्या खिशात माझी चिठ्ठी होती. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, "चुकलं आबाजी. नजरेतून गेलं."

मी बोललो नाही. वाक्य तोंडात आलं होतं. आत्ता वेळ नाही, आधी लोकांना कामाला लावू, असं मी मनाला सांगितलं, आणि मनाने ते लगेच मान्य केलं. या नोकरीत मी पुष्कळ खराब काँक्रीट पाहिलं आहे, पण त्या दोन क्षणांइतकं पोकळ काही पाहिलं नाही.

आडवं लाकूड कुठून आणायचं? वखार आठ-दहा कोसांवर. पुंजाजी खाली उतरले आणि म्हणाले, "घरी जा. जे लंबं अन् सरळ असन ते आना." वस्ती पांगली आणि पाव तासात परत आली. कुणी मांडवाचे बांबू आणले, कुणी शिडी, कुणी बैलगाडीची धुरी. दोन बायांनी घरच्या बाजा, म्हणजे खाटा, मोडून त्यांच्या लांब पाट्या आणल्या. मघाच्या तरुणाने स्वतःच्या छपराची आडवी बल्ली ओढून आणली होती. कालवलेला थोडासा माल घट्ट व्हायच्या आत संपवायला हवा होता, म्हणून पुंजाजींनी तो दारापुढच्या पायरीत ओतला. ती पायरी नकाशात नव्हती.

मग त्यांनी करदोडा बांधायला घेतला. मी नुसता पाहत होतो. आधी एका दिशेने आडवी लाकडं, मग दुसऱ्या दिशेने, आणि प्रत्येकाचं टोक भिंतीशी पाचर मारून घट्ट. मी विचारलं, "एकमेकींना तर बांधलं, मग भिंतीला कशाला?" म्हणाले, "साहेब, सारे हातात हात धरून उभे राह्यले अन् सारेच एकाच बाजूनं कलले, तर धरून काय फायदा? कोनी एक तरी पक्का पाह्यजे." हे पुस्तकात असतं, पण चार पानांनंतर असतं आणि इतकं स्पष्ट नसतं. शेवटी मी पुन्हा त्याच बल्लीवर तळवा ठेवून ढकललं. ती भिंतीसारखी उभी राहिली. ऑयलरच्या हिशेबाने तिची ताकद चौपट झाली होती.

दुपारी एकला पहिलं घमेलं वर गेलं आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं. खाली उभं राहून मी एकेका बल्लीला हात लावत फिरत होतो. वरून धपाधप माल पडत होता आणि एकही बल्ली हलत नव्हती. त्या दिवसाइतका अभिमान मला ऑयलरचा कधी वाटला नाही, आणि स्वतःचा इतका कमी कधी वाटला नाही. जेवणाच्या पंगतीत मला आबाजींच्या शेजारी बसवलं. साहेब वेळेवर आले म्हणून वाचलो, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं. पुंजाजी वाढत होते.

सेंट्रिंग खोलायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत आमच्या एका मोरीच्या कामावर एक मजूर सहज बोलून गेला, "पुंजाजीची नजर आता पहिल्यासारखी राह्यली नाई म्हन्तात." मिस्त्रीबद्दल हे बोललं गेलं की त्याची कामं सुटायला लागतात. पुंजाजींनी ऐकलं आणि ओळंबा लावत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

खोलायच्या दिवशी सगळे पुन्हा जमले. बल्ल्या एकेक करून निघाल्या. छत आपल्या पायावर उभं राहिलं, आणि ती उंच, रिकामी खोली पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. आबाजी ताठ मानेने दारातून आत आले, परत बाहेर गेले आणि पुन्हा आत आले. कुणी हसलं नाही.

तेव्हा मी बोललो. म्हटलं, "त्या दिवशी चूक पुंजाजींची नव्हती. त्यांनी मला चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, करदोडा बांधू का. मी नाही म्हणून लिहिलं आणि खाली सही केली. ती चिठ्ठी त्यांच्याजवळ आहे."

पुंजाजी म्हणाले, "नाई जी, ते तं केव्हाच फाडली म्या."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते पुंजाजींकडे वळले आणि म्हणाले, "मंग तू माहं बोलनं कायले ऐकून घेतलं बाप्पा?"

"साहेबाचं नाव गेलं असतं तं पुढच्या कामावर त्यायचं कोनी ऐकलं नसतं. माहं काय, मी उद्या भिंत बांधून दाखोतो."

संध्याकाळी त्या नकाशात नसलेल्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. मी त्यांना ऑयलरबद्दल सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच करदोडा गणितात मांडून ठेवला आहे, म्हटलं. त्यांनी विचारलं, "त्यानं सोता कदी बल्ली उभी केली होती काय?"

"नाही. सगळं कागदावर. शेवटी तर त्याला दिसतही नव्हतं."

पुंजाजी म्हणाले, "दिसत नाई त्याले हातानं चाचपा लागते. बल्ली हातालेच समजते, साहेब. डोळ्याले समजत नाई. मोठा मानूस असन तो." आमच्या सरांनी वर्षभर शिकवलं त्यात ऑयलरबद्दल इतकं बरोबर काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात कामांवर लावायच्या सूचनांचा कागद मी तयार केला. त्यात करदोडा न म्हणता लिहिलं: बारा फुटांवरील सेंट्रिंगला पुंजाजी बांधल्याशिवाय काँक्रीट टाकू नये. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हा शब्द कुठल्या पुस्तकातला? मी म्हटलं, या भागातली पद्धत आहे. त्यांनी लाल शाईने तो खोडून 'मधला आडवा आधार' असं केलं. कागद तसा छापला गेला. पण मी साइटवर गेलो की तोंडाने पुंजाजीच म्हणायचो. मुकादम म्हणायला लागले, सेंट्रिंगवाले म्हणायला लागले. पुंजाजींना ते कळलं तेव्हा ते लाजले, आणि माझ्या कामावर असले की स्वतः मात्र करदोडाच म्हणायचे. माझी बदली झाली. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी दूर होतो आणि मला जाता आलं नाही.

मागच्या वर्षी त्याच भागात अनसिंगला नातेवाइकांच्या घराचा स्लॅब होता. म्हातारा इंजिनिअर म्हणून मलाही खुर्ची टाकली होती. आता बल्ल्यांच्या जागी लोखंडी जॅक असतात, मिक्सर गरगर फिरतो, इंजिनिअर पोरगी मोबाइलवर हिशेब पाहते. मी सवयीने उठून खाली गेलो आणि एका जॅकच्या पोटावर तळवा ठेवला. ठेकेदार मागून आला. "आजोबा, फिकर करू नका. दोन पुंजाजी मारले हायेत, एक इकून, एक तिकून."

मी विचारलं, "पुंजाजी म्हणजे काय हो?"

त्याने आडव्या पाइपाकडे बोट दाखवलं.

"हे नाव कुठून आलं?"

"कोनाले मालूम? पहिल्यापासून असंच म्हन्तात." तो घाईत होता, वरून कुणी हाका मारत होतं. जाता जाता म्हणाला, "एखांद्या मोठ्या इंजिनिअरचं असन."

मी हो म्हटलं.